नव्या घुमट आरती पथकांनी वाजवायचं कुठे?

शामेळकार (फोंडा)

मंडळी, हा धागा मुद्दाम चतुर्थीच्या आधी काढतोय. चतुर्थी झाली की सगळे कामाला लागतात आणि विषय पुढच्या श्रावणापर्यंत तसाच पडून राहतो.

आमच्या वाड्याच्या पथकात मी बावीस वर्षं शामेळ (काठ्यांनी वाजवायचं चर्मवाद्य) वाजवतोय. गेल्या चतुर्थीला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेजारच्या गावची नऊ मुलं आमच्या अंगणात आली. सात मुलगे, दोन मुली. घुमटं, म्हणजे मातीच्या भांड्यावर चामडं चढवलेली वाद्यं, जुन्या चादरींत गुंडाळलेली, पावसात भिजू नयेत म्हणून वर प्लास्टिक. त्यांतल्या थोरल्याने विचारलं, "काका, एक आरती म्हटली तर चालेल?" माझ्या चुलत्यांनी आतूनच सांगितलं, "आमचं पथक रात्री यायचं आहे." मुलं थोडा वेळ पागोळ्यांखाली उभी राहिली, दारातूनच माटोळीकडे (गणपतीच्या वर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीकडे) बघून हात जोडले आणि गेली. मी तिथेच होतो. मी एक शब्द बोललो नाही. वर्ष झालं, ते अजून टोचतंय.

गोव्याबाहेरच्यांसाठी थोडं सांगतो. आमच्याकडे चतुर्थीत वाड्याचं पथक घरोघरी जाऊन आरत्या म्हणतं. चार-सहा घुमटं, एक शामेळ, एक-दोन कासाळी (झांजा) आणि गाणारे गळे. कुठल्या घरी आधी जायचं हे पिढ्यान् पिढ्या ठरलेलं असतं. दीड दिवसाच्या गणपतीची घरं आधी, मग पाच दिवसांची, आणि त्यांतही मानाचा क्रम असतो. ही घडी मोडावी असं मला वाटत नाही, त्या क्रमामुळेच आरती आमच्यापर्यंत पोचली आहे. पण घडी इतकी घट्ट आहे की तिच्यात नव्या पथकाला शिरायला फटच नाही.

मग त्यांना उरते स्पर्धा. स्पर्धांनी घुमट आरतीला मोठा आधार दिला हे मी नाकारत नाही. पण वर्षातून दोनदा रंगमंचावर उभं राहायचं, परीक्षकांसमोर वाजवायचं, प्रमाणपत्र घेऊन परतायचं, एवढंच आयुष्य असेल तर पथक किती टिकणार? आमच्या तालुक्यात मी अशी पथकं बघितली आहेत. पहिल्या वर्षी पंधरा जण, दुसऱ्या वर्षी दहा. तिसऱ्या वर्षी एक बोटीवर जातो, दोघं नोकरीला पुण्याला जातात आणि घुमटं माळ्यावर चढतात.

तुमच्या वाड्यावर नव्या पथकाला जागा मिळाली आहे का? मिळाली असेल तर कशी? अनुभव सांगा.

---

गिरगाव_ते_माशेल

आमची अडचण नेमकी उलटी आहे हो! घर माशेलला, पाच दिवसांसाठी उघडतो, एरवी कुलूप. वाड्याचं जुनं पथक होतं, त्यातले दोघं वारले, एक आजारी. गेल्या वर्षी आरतीला आम्ही घरचेच सहा जण होतो आणि एक घुमट होतं, ते वाजवायला येणारं कुणी नव्हतं. शेवटी भाच्याने मोबाइलवर आरती लावली. वडील काही बोलले नाहीत, पण आरती संपेपर्यंत खाली मान घालून उभे होते.

अशी उघडझाक होणारी घरं आमच्या बाजूला बरीच आहेत. तुमच्या अंगणातून परत गेलेली मुलं आमच्याकडे आली असती तर आम्ही जेवूनच पाठवलं असतं. पण कुणाला फोन करायचा? जुन्या पथकांना बोलावणं लागत नाही, ती येतातच. नव्यांना बोलावल्याशिवाय यायची सोय नाही, आणि बोलावणार तो कसा, ती आहेत हेच त्याला ठाऊक नसतं.

---

जुना_घुमटकार

शामेळकार, तुम्ही मनापासून लिहिलं आहे म्हणून मीही मनापासून लिहितो. वाईट वाटून घेऊ नये.

मी नव्या पथकांच्या विरोधात नाही. मला जे खटकतं ते सांगतो. एक, लय. आरती सुरू होतानाच इतकी चढवतात की दुसऱ्या कडव्याला शब्द ऐकू येत नाहीत. आमच्या गुरूंनी शिकवलं ते असं: पहिलं कडवं विलंबित, शब्द घरातल्या म्हातारीलाही कळले पाहिजेत. मग हळूहळू लय वाढवायची आणि शेवटच्या कडव्याला घुमटं मोकळी सोडायची. आता सगळं सुरुवातीपासूनच मोकळं. घुमट वाजतं, आरती बुडते.

दुसरं, आरत्या किती येतात? गणपतीची, शंकराची, देवीची, झालं. विठ्ठलाची अर्धी, दत्ताची नाही. आमच्या ग्रामदेवतेची आरती तर कुणाला माहीत असायचं कारणच नाही, ती छापलेली नाही. डोंगरीचे संतकवी कृष्णंभट्ट बांदकर यांची पदं आमचे आजोबा तोंडपाठ म्हणत. एका घरी तासभर आरत्या चालत आणि एकही पुन्हा म्हटली जात नसे. स्पर्धेतल्या दहा मिनिटांसाठी बसवलेल्या तीन आरत्या घेऊन वाड्यावर आलात तर दुसऱ्या घरी काय म्हणणार?

तिसरं, सिनेमाच्या चाली. यावर मी लिहीत नाही, लिहिलं तर तोल जाईल.

'जागा द्या' हे बरोबर आहे, पण जागा घेणाऱ्याने भांडं भरून यावं.

---

वैदेही_डिचोली

जुना_घुमटकार काका, नमस्कार. मी एकोणीस वर्षांची आहे आणि तुम्ही ज्या पथकांबद्दल लिहिलंत तशाच एका पथकात घुमट वाजवते. आमच्यात पाच मुली आहेत.

लयीचं तुमचं म्हणणं मला पटतं. आम्ही चढ्या लयीत वाजवतो हे खरं आहे. कारण सांगते. स्पर्धेत वेळ मोजलेला असतो. त्या वेळात उठाण (सुरुवातीचं जोरकस वादन) दाखवायचं, दुगुन (दुप्पट लय) दाखवायची, तिहाई (तीनदा वाजवून संपवायचा तुकडा) घ्यायची, सगळ्यांचे हात एकसारखे पडतात हे दाखवायचं. विलंबित कडव्यात वेळ गेला तर बाकीचं राहतं. आम्ही आरती शिकलो तीच स्पर्धेसाठी, म्हणून आमच्या हातात स्पर्धेची लय बसली. घरात, गणपतीपुढे, म्हातारीला शब्द कळतील अशी आरती वाजवायची संधी मला आजवर फक्त दोनदा मिळाली. एकदा मावशीच्या घरी आणि एकदा माझ्या स्वतःच्या.

माइकचंही सांगते. रंगमंचावर माइक चामड्यासमोर ठेवतात. त्यामुळे नुसती थाप ऐकू जाते, टक-टक. घुमटाचा खरा घुमारा मागच्या लहान तोंडातून येतो, डाव्या तळव्याने आपण ते तोंड उघडझाक करतो तेव्हा. तिथे माइक नसतो. मग आवाज भरीव यावा म्हणून आम्ही आणखी जोरात मारतो. घरात माइक लागत नाही. मावशीच्या माजघरात पहिल्यांदा मला माझ्या घुमटाचा खर्ज ऐकू आला. अंगावर काटा आला होता.

आरत्यांचं म्हणाल तर आम्ही शिकू. पण कुणाकडून? आमच्या वाड्यावरच्या आजोबांकडे वही आहे. मागितली तर म्हणाले, आधी आमच्याबरोबर चार वर्षं कासाळं धर. मुलगे धरू शकतात. मला त्यांच्या पथकात उभंच करत नाहीत.

---

दोडामार्गची_सून

वैदेही, शेवटची ओळ वाचून थांबले. आमच्याकडे सिंधुदुर्गातही घुमट आहे, आणि बायकांनी वाजवण्यावरून आमच्याकडेही असंच होतं. आमच्या वाडीत बदल कसा झाला ते सांगते. भाषण कुणी केलं नाही. एका वर्षी दोन पुरुष आले नाहीत, घुमटं रिकामी होती, माझ्या जावेने उचलून वाजवायला सुरुवात केली. सासरे म्हणाले, ठेका बरोबर आहे, वाजव. त्यानंतर दर वर्षी वाजवते.

---

कुंभारवाडा

वाद्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. माझ्या आईचं माहेर कुंभाराचं, लहानपणी मी चाकासमोर बसलेला माणूस आहे.

घुमट म्हणजे मातीचं भांडं, दोन तोंडांचं. मोठ्या तोंडावर चामडं, लहान तोंड उघडं. पूर्वी चामडं घोरपडीचं असे. पातळ, पावसातही ताठ राहणारं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण आहे, ते योग्यच आहे, आणि आता बकऱ्याचं चामडं लावतात. २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून घोषित केलं.

माझा मुद्दा असा. बकऱ्याचं चामडं आलं तेव्हा जुन्या मंडळींनी किती विरोध केला ते मी डोळ्यांनी बघितलंय. "आवाज मेला", "हे घुमट नव्हे, मडकं". आणि आवाज खरोखर वेगळा होता, ते खोटं बोलत नव्हते. बकऱ्याचं चामडं जाड, भाद्रपदातल्या दमट हवेत सैल पडतं, दर दोन आरत्यांनी शेकावं लागतं. मग काय झालं? वाजवणारे शिकले. कुणी चामडं जास्त तासून घेतलं, कुणी थाप बदलली, कुणी चुलीजवळ घुमटं ओळीने ठेवू लागलं. आज आमच्या गावातले सत्तरीतले बुवा बकऱ्याच्या घुमटावर असं वाजवतात की कुणाला घोरपड आठवत नाही. जुन्यांनीच एवढा मोठा बदल पचवला. तेव्हा नवीन हात आले म्हणून परंपरा बुडेल ही भीती मला समजत नाही.

नव्या पथकांना खरी मदत करायची तर घुमटं घेऊन द्या. माती फुटते. प्रवासात, टेम्पोत, बसमध्ये हमखास एक तरी फुटतं. जुन्या पथकाकडे माळ्यावर चार जास्तीची असतात, नव्याकडे मोजकीच. एक फुटलं की एक मुलगा घरी बसतो. आणि कुंभाराकडे ऑगस्टमध्ये जाऊ नका, मे महिन्यात जा. पावसात माती वाळत नाही, घाईत भाजलेलं घुमट पहिल्याच चतुर्थीला तडकतं. चामडंही कडक उन्हातच चढवून घ्यावं. चार घरांनी मिळून एका पथकाला दोन घुमटं दिली तरी त्यांचं वर्ष निभावतं, आणि कुंभाराचंही.

---

गिरगाव_ते_माशेल

कुंभारवाडा, हे मी करू शकतो. मे महिन्यात गावी असतोच.

दक्षिणेच्या पैशांबद्दल विचारायचं होतं. जुनं पथक आरतीच्या ताटात पडेल ते घेतं. नव्यांना ठरवून पैसे दिले तर वाड्यावर "विकत आणलं" असं बोलतील का?

---

वास्कोचा_विनू

बोलतील, बोलू द्या. मुलं पेट्रोल घालून येतात, रात्री परत जातात. ताटातलं ताटात राहू दे, जायचा-यायचा खर्च वेगळ्या पाकिटात घालून थोरल्याच्या हातात द्या आणि जेवल्याशिवाय सोडू नका. भर पावसात तीन घरं करून आलेल्या पोरांना पंचखाद्याची पुडी देऊन वाटेला लावणं बरं दिसत नाही.

मी भजनातला माणूस, घुमटातला नव्हे, पण आमच्याकडचा एक अनुभव इथे उपयोगी पडेल. श्रावणात वास्कोला दामोदराचा सप्ताह असतो. चोवीस तास भजन अखंड चालतं, एक मंडळ उठायच्या आधी दुसरं बसलेलं असतं. साखळी तुटू द्यायची नाही हा नेम. आमचं मंडळ नवीन होतं तेव्हा आम्हाला पहाटेची पाळी मिळाली. ऐकायला मोजके लोक. आमचा पेटीवाला घाबरलेला, पखवाजवाला त्याहून घाबरलेला. पण देवापुढची साखळी आमच्या हातात होती. आम्ही थांबलो असतो तर ती तुटली असती. ती जबाबदारी कुणी आमच्या हातात दिली, त्या एका पहाटेने आमचं मंडळ झालं. पुढे स्पर्धांत नंबर आले, पण आम्ही सगळे अजून त्या पहाटेबद्दलच बोलतो.

घुमट आरतीतही हे जमेल. मानाची घरं, मानाच्या वेळा जुन्या पथकाकडेच राहू द्या. पण अकरा दिवसांच्या गणपतीला आठव्या-नवव्या दिवशी संध्याकाळी आरतीला कोण असतं? पाच दिवस झाले की वाडा रिकामा होतो, लोक कामावर जातात. ते दिवस नव्या पथकाला नेमून द्या. "आलात तर या" असं नको. तुम्ही आला नाहीत तर त्या संध्याकाळी घुमट वाजणार नाही, असं सांगा.

---

जुना_घुमटकार

दोन दिवस या धाग्यावर आलो नव्हतो. वैदेहीचा प्रतिसाद तीनदा वाचला.

बाळ, माइकचं जे लिहिलंस ते मला कधी सुचलं नव्हतं. मी परीक्षक म्हणून बसलो आहे आणि "घुमटाला खोली नाही" असे शेरे मी स्वतः दिले आहेत. समोर बसून मला ऐकू येत होती ती माइकमधली थाप. ज्यांना तसे शेरे मिळाले त्यांच्याबद्दल मला आज वाईट वाटतं.

वहीचं म्हणशील तर आमच्या घरी एक आहे. आजोबांच्या हातची, काही पानं वाळवीने खाल्ली आहेत. त्यात अठ्ठावीस आरत्या आहेत, त्यांतल्या सहा-सात मी दुसरीकडे कुठेही ऐकलेल्या नाहीत. माझ्या दोन्ही मुलांना त्यांत रस नाही, एक बंगळूरला, एक दुबईला. वही मी देणार नाही. पण तुमच्या पथकाने रविवारी सकाळी माझ्या घरी यावं. मी म्हणेन, तुम्ही लिहून घ्यावं. फोटो काढून नेलेली आरती घोकली जाते, चाल बसत नाही. चाल तोंडूनच घ्यावी लागते, कुठे श्वास सोडायचा हे कागदावर नसतं.

लयीबद्दल माझं मत बदललेलं नाही. पहिलं कडवं मी सांगेन त्याच लयीत घ्यावं लागेल.

मुली येणार असतील तर याव्यात. हे वेगळं लिहावं लागतंय यातच आमच्या पिढीची चूक आली.

---

वैदेही_डिचोली

काका, येतो. सगळे येतो. पहिलं कडवं तुमच्या लयीत.

---

पुणे_चतुर्थी

परगावी असलेल्यांसाठी एक सुचवू का? इथे पुण्यात गोंयकार बरेच आहेत, चतुर्थीला सगळ्यांनाच गावी जाता येत नाही. आमच्या सोसायटीत आम्ही तिघं घुमट वाजवणारे निघालो. तिघंही गावाकडच्या फुटलेल्या पथकांतले. शामेळकारांनी लिहिलं ना, "दोघं नोकरीला पुण्याला जातात", ते दोघं आम्हीच समजा. पथक फुटलं तरी हात विसरलेले नाहीत. गावातल्या नव्या मुलांना आम्ही इथून काय देऊ शकतो? सुट्टी एकच आठवडा असते.

---

शामेळकार (फोंडा)

पुणे_चतुर्थी, त्या आठवड्यात तुमच्या जुन्या वाड्यावर जाऊन एक संध्याकाळ नव्या मुलांबरोबर उभे राहा. तेवढं पुष्कळ आहे. वाड्यावरची माणसं तुमचा चेहरा ओळखतात. ओळखीचा माणूस नव्या पथकात घुमट घेऊन उभा दिसला की घरातून "आमचं पथक येणार आहे" हे वाक्य निघत नाही.

आता माझ्याकडची बातमी. धाग्यावरचे प्रतिसाद मी चुलत्यांना वाचून दाखवले, विनूचा दोनदा. ते बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, "ती पोरं कुठली?" मला गाव माहीत होतं, नाव नव्हतं. काल संध्याकाळी दुचाकी काढली आणि शोधत गेलो. थोरला भेटला. गॅरेजमध्ये काम करतो, हाताला ग्रीस. मला बघून आधी ओळखलंच नाही. ओळखल्यावर जरा मागे सरला.

पथक मोडलेलं नाही, पण नवातले सहा उरलेत. दोन घुमटं फुटली. स्पर्धेचा अर्ज यंदा भरलाच नाही म्हणाला.

आमचा गणपती अकरा दिवसांचा. नववी संध्याकाळ त्यांची, असं सांगून आलो. आमच्या घरापासून सुरुवात करून वाड्यावरची जी चार घरं अकरा दिवसांची आहेत तिथे तेच वाजवतील, आमचं पथक त्या दिवशी ऐकायला बसेल. चारांपैकी तीन घरांनी होकार दिला आहे. चौथ्या घरी म्हातारे आजोबा आहेत, ते म्हणाले, "आधी तुझ्या घरची ऐकतो, मग सांगतो." तेही ठीक आहे.

घुमटं दोन कमी पडतात. आमच्या माळ्यावर तीन आहेत, एकाचं चामडं उंदराने कुरतडलेलं. कुंभारवाडा, आत्ता श्रावणात चामडं चढवलं तर धरेल का? ऊन अधूनमधून पडतंय.

---

कुंभारवाडा

धरेल, पण उन्हाच्या भरवशावर राहू नका. चामडं ओलं असताना ताणून बांधा, आणि चुलीच्या वर जिथे आपण नारळाच्या करवंट्या वाळवतो तिथे उबेला आठ दिवस ठेवा. जाळापासून हातभर लांब, नाहीतर कडेला तडकतं. वाजवायची घाई करू नका. आठव्या दिवशी थाप मारून बघा. आवाज बसका आला तर आणखी चार दिवस. भांड्याला बारीक तडा नाही ना ते आधी बोटाने टिचकी मारून तपासा, तडा असेल तर चामडं फुकट जाईल.

आणि त्या थोरल्याला सांगा, चामडं चढवताना त्याने हजर राहावं. पुढच्या वेळी त्याचं त्याला करता येईल.

---

गिरगाव_ते_माशेल

शामेळकार, त्या मुलांना पाचव्या दिवशी दुपारी मोकळीक आहे का विचारा. आमच्याकडे त्या दिवशी विसर्जन. वडिलांना सांगितलंय की पथक येतंय. त्यांनी आमचं ते एकुलतं एक घुमट पुसून बाहेर काढून ठेवलंय.